खोक्याची खिडकी

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं. पण समोर माणूस दिसला की त्याला काहीतरी समजावून सांगायचं ही त्यांची जुनी खोड, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी तिथे स्टोअर सांभाळायचो, मला सगळे मामा म्हणत. त्यांची चाचणीची खोली माझ्या जाळीसमोरच होती आणि सुटं सामान घ्यायला ते सारखे यायचे, त्यामुळे त्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी मीच.

त्यांचं काम व्होल्टेज रेग्युलेटरचं. म्हणजे काय, हे त्यांनी मला ओळख झाली तेव्हाच सांगून टाकलं होतं. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लागतो जेमतेम एक व्होल्ट, पण करंट लागतो पोटभर. वीज येते ती बारा व्होल्टची. बाराचा एक करून प्रोसेसरच्या तोंडाशी नेऊन द्यायचा, हे रेग्युलेटरचं काम.

"मामा, तापलेलं दूध पोराला द्यायचं तर आपण या भांड्यातून त्या भांड्यात ओततो की नाही? तसं हे ओतणं. फक्त एका सेकंदात लाखो वेळा. आणि दर वेळी थोडं सांडतं. सांडतं म्हणजे उष्णता होऊन उडून जातं. ते सांडणं कमी करायचं, एवढाच आपला धंदा."

त्या धंद्यात त्यांचे केस पिकले, आणि इतकं करून त्यांच्या रेग्युलेटरचा एकही बोर्ड बाहेरच्या जगात चालला नव्हता. पहिला तयार झाला तोवर प्रोसेसरच बदलला. दुसऱ्याच्या वेळी गिऱ्हाईक कंपनीच बंद पडली. तिसरा चांगला होता, पण दुसऱ्या कोणाचा तरी त्याहून चांगला निघाला. मास्तर हसून म्हणायचे, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, आणि मी तर सगळ्या नकट्यांचाच बाप. वर्षअखेरीस ते निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर ती खोली बंद करायची आणि तयार रेग्युलेटर बाहेरून आणायचे, असं साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं. म्हणजे हातात होता तो बोर्ड शेवटचा. तो कुठल्यातरी मशीनमध्ये बसावा, कुठेतरी कोणाचं तरी काम करत राहावा, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही स्क्रूची पुडी घेऊन परत जाताना, पाठमोरे होऊन.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर वहिनी बसायच्या. मास्तरांच्या थोरल्या भावाची बायको. थोरला भाऊ इथेच पॅकिंगला होता. तो गेल्यावर वहिनींना डाग द्यायच्या कामावर घेतलं. बोर्डावरचे बारीक तुकडे कथलाने जोडायचे, त्याला आमच्याकडे डाग देणं म्हणत. मास्तरांच्या वहिनी, म्हणून त्या सगळ्या कारखान्याच्याच वहिनी झाल्या. साहेबसुद्धा वहिनी म्हणायचे, आणि साहेब वयाने त्यांच्या मुलासारखे. घर एकच होतं. दोघी जावा मिळून डबा भरायच्या आणि दुपारी दीर-भावजय त्याच टेबलाच्या कडेला, तारा बाजूला सारून जेवायची.

"भावोजी, जेवून घ्या आधी. तुमचा बोर्ड काही पळून जात नाही."

"पळाला असता तर बरं झालं असतं वहिनी. निदान पाय फुटले म्हणून आनंद केला असता."

डाग देताना धूर उठतो. मास्तरांची छाती आधीच नाजूक, थोडा धूर गेला की खोकल्याची उबळ यायची आणि मीटरवरचा आकडा वाचता वाचता ते टेबल धरून उभे राहायचे. म्हणून वहिनींनी घरचा टेबलपंखा आणून आपल्या टेबलावर ठेवला होता. त्याच्या जाळीला एके ठिकाणी पोचा पडला होता आणि तो फिरताना घशातल्या घशात बोलल्यासारखा आवाज करायचा. धूर त्याच्या तोंडाशी आला की पंखा तो पांगवून लांब ढकलायचा, मास्तरांच्या टेबलावरून पलीकडच्या झरोक्याकडे. वहिनी खुर्चीत बसल्या की पहिला हात पंख्याच्या बटनावर आणि मग चष्म्यावर. इतक्या वर्षांत त्या पंख्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. घरातल्या भिंतीकडे कोण पाहतं?

नव्या बोर्डासाठी गिऱ्हाइकाची अट अशी होती की पूर्ण लोडवर आलेल्या विजेतले एक्याण्णव टक्के तरी प्रोसेसरपर्यंत पोचले पाहिजेत, आणि तेही वारा न लावता. त्यांची मशीनं बंद पेटीत राहणारी, पंखा नसलेली. वाऱ्याचा संबंध असा की बोर्ड तापला की त्यातलं तांबं आणि ओतणारे स्विच विजेला अडवायला लागतात. अडवलं की सांडणं वाढतं, सांडणं वाढलं की बोर्ड आणखी तापतो. वारा लागला तर हे चक्र मधेच तुटतं आणि आकडा चांगला दिसतो. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनीच मला शिकवलं. म्हणून ते बोर्डावर नेहमी एक खोकं पालथं घालूनच मोजायचे. जुन्या मॉनिटरचं खोकं होतं ते. मीटरच्या बारीक तारा आत न्यायला त्यांनी पुढून ब्लेडने एक खिडकी कापली होती, आणि मागून जाड तारा बाहेर काढायला तसंच एक भोक. जुन्या खोलीत ती खिडकी भिंतीकडे असायची आणि वहिनींचं टेबल शेजारी असलं तरी बऱ्याच अंतरावर असायचं.

मग पॅकिंगला जागा कमी पडायला लागली आणि साहेबांनी यांना लहान खोलीत हलवलं. टेबलं जवळजवळ आली. नव्या खोलीत दुपारचं ऊन मीटरच्या काचेवर पडून आकडा दिसेना, तेव्हा मास्तरांनी सुताराला सांगून आपलं टेबल फिरवून घेतलं. टेबलाबरोबर खोकं फिरलं, खोक्याबरोबर खिडकी. याच सुमारास त्यांनी नव्या जातीचे स्विच आणि जाड तांब्याच्या कॉइल बसवल्या. आकडा चढला. एकोणनव्वदवर अडकलेलं घोडं एक्याण्णवच्याही पुढे गेलं. मास्तरांना वाटलं, कॉइलीचा गुण. बराचसा कॉइलीचा होताही.

त्या दिवशी त्यांनी मला जाळीतून ओढून नेऊन आकडा दाखवला. वहिनी म्हणाल्या, मामांना काय दाखवता, त्यांना तर काल चष्म्याशिवाय स्वतःचा डबा सापडत नव्हता. तरी त्या स्वतः दोनदा उठून मीटर पाहून गेल्या. दोन बोर्ड आणि सगळे आकडे गिऱ्हाइकाकडे रवाना झाले. मोजताना वारा नव्हता, असं मास्तरांनी स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं. चाचणीची तारीख मिळाली. उरलेला एक बोर्ड ते खोलीत तासन्तास चालवून पाहत बसायचे, उगाच, पोराच्या उशाशी बसावं तसे.

एक दिवस वहिनींचे गुडघे सुजले आणि त्या घरी राहिल्या. आकडा खाली आला. मास्तरांनी तारा बदलल्या. मीटर बदलला. माझ्याकडून नवे कॅपॅसिटर नेले, नव्या क्लिपा नेल्या. मी हेलपाटे घालून दमलो. आकडा काही हलेना. दुसऱ्या दिवशी वहिनी लंगडत आल्या, बसल्या, आणि थोड्या वेळात आकडा जागेवर.

आम्ही सगळे हसलो. पॅकिंगवाले येऊन म्हणाले, बोर्डाला वहिनींची सवय लागली, मशीनबरोबर वहिनींनाही पाठवून द्या. वहिनी म्हणाल्या, पाठवा की, या खोलीत तरी कोण विचारतंय मला. मास्तरही हसले. हसता हसता त्यांची नजर खोक्याकडे गेली.

बारीक तारांपैकी एकीला खुणेसाठी कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. खिडकीच्या तोंडाशी ती चिठ्ठी फडफडत होती.

मी समोरच उभा होतो. मास्तरांनी पुढे होऊन आपला तळहात खिडकीवर ठेवला. चिठ्ठी थांबली. ते मीटरकडे पाहत राहिले, मीही पाहत राहिलो. आकडा जरा वेळ टिकला, मग शेवटचा अंक उतरला, मग त्याच्या आधीचा. त्यांनी हात काढला. आकडा हळूहळू वर आला. पुन्हा हात ठेवला, पुन्हा उतरला. जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, पायरी चाचपत.

मागे पंखा घशातल्या घशात बोलत होता. वहिनी भिंगाखाली डोकं घालून डाग देत होत्या. त्यांनी विचारलं, "भावोजी, काय झालं? हात भाजला?"

"नाही वहिनी. खोकं जरा हललं होतं."

त्यांनी खिडकीवर चिकटपट्टी लावली. मग माझ्यामागून बाहेर आले, जाळीपाशी उभे राहिले आणि काही न मागता परत गेले.

पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं. ते साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. आकडा अर्ध्या टक्क्याने फुगलेला आहे, खरा आकडा अटीच्या खाली आहे, बोर्ड परत मागवू. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, पाणी पुढे केलं. मग म्हणाला की आता परत मागवले तर आपला नंबर जातो, पुढचा नंबर पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी तुम्ही नसाल, ही खोली नसेल, मग बोर्ड सुधारणार कोण? चूक कळवायची तर खुशाल कळवा, पण त्याने बोर्ड थंड होणार नाही. शेवटी म्हणाला, "तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आता काय ते मशीनच सांगेल."

मास्तरांनी चूक कळवली. तिकडून निरोप आला की चाचणी ठरल्याप्रमाणे होईल.

मधल्या दिवसांत त्यांनी जे जे करता येण्यासारखं होतं ते करून पाहिलं. बोर्डावर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली तर पेटीचं झाकण लागेना. तांबं आणखी जाड करायचं तर बोर्ड नव्याने करून आणावा लागणार, त्याला वेळ कुठला? मग त्यांनी स्विचचा वेग कमी केला. "सावकाश ओतलं तर कमी सांडतं मामा," ते म्हणाले, "पण मग धार तुटते. प्रोसेसरला धार तुटलेली चालत नाही. एकदम काम अंगावर आलं आणि तेवढ्यात व्होल्ट खाली गेला, तर मशीन जागच्या जागी मरतं." पाव टक्का मिळाला, पण धार तुटायला लागली आणि त्यांनी वेग होता तिथे आणून ठेवला. त्याच्यापुढे रस्ता नव्हता. ते बाकावर बसून बोर्डाकडे नुसते पाहत राहायचे. मी तरी काय करणार? मागतील ते काढून द्यायचं, एवढंच माझ्या हातात. आणि ते काही मागत नव्हते.

वहिनींना त्यांनी काही सांगितलं नाही. मी एकदा विचारलं की निदान त्यांना कळू द्यायला नको का, तर म्हणाले, "मामा, त्या पंखा बंद करतील. उन्हाळ्यात करतील, मी खोकलो तरी करतील, घरीसुद्धा करतील. तुम्ही ओळखत नाही त्यांना." मी ओळखत होतो. म्हणून तो विषय पुन्हा काढला नाही.

चाचणीला मी बरोबर गेलो. बोर्ड त्यांच्याकडे होतेच, पण एक जादा असावा म्हणून मास्तरांनी तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घेतला आणि मला मांडीवर धरायला दिला. बसमध्ये ते खिडकीतून बाहेर पाहत होते. मला म्हणाले की ही सगळी दुकानं, त्यातली मशीनं, प्रत्येकात कोणा ना कोणाचा रेग्युलेटर बसलेला आहे. मी म्हटलं, हो. 

तिथे एक पोलादी कपाट होतं, काचेचं दार असलेलं. आत ठरलेली उष्णता, वारा अजिबात नाही. मधोमध आमचा बोर्ड, अंगात तारा टोचलेला. चाचणी करणारी मुलगी शांत होती. तिने आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या, मास्तरांना काका म्हणाली. मग तिने लोड चढवला.

पडद्यावर आकडा आला तेव्हा तो एक्याण्णवच्या वर होता. माझ्या जिवात जीव आला. मास्तर मात्र आकड्याकडे पाहतच नव्हते. ते शेजारच्या तापमानाकडे पाहत होते. ते चढत होतं. मग आकडा उतरायला लागला, अगदी हळू. उतरायचा, थांबायचा, मला वाटायचं थांबला, की पुन्हा उतरायचा. ओरडता येत नाही, धरता येत नाही, मधे हात घालता येत नाही. काचेपलीकडे बोर्ड आपला प्रामाणिकपणे काम करत होता. त्याच्याकडून होत होतं तेवढं तो करत होता, आणि तापत होता. मास्तरांचा तळहात मांडीवर उघडा पडला होता, जणू त्यांना काही झाकायचं होतं आणि झाकायला जागा सापडत नव्हती.

आकडा थांबला. एक्याण्णवच्या थोडासाच खाली.

मुलीने आणखी वेळ दिला. तिला देता येईल त्याहून जास्तच दिला असेल. मग म्हणाली, "काका, थोडक्यात गेला हो. तुम्ही कळवलं होतंत की तुमच्याकडे मोजताना कुठून तरी वारा येत होता. कुठून येत होता?"

मास्तर म्हणाले, "माझ्या वहिनीच्या पंख्याचा."

"खोक्याने झाकायचं होतं."

"खोकं होतं. त्याला खिडकी होती. मीच कापलेली."

 तिने लोड उतरवला. काचेमागे तापमान खाली यायला लागलं आणि आता उपयोग नसताना आकडा पुन्हा सुधारायला लागला. तिने पडदा बंद केला, मला वाटतं मुद्दामच.

कारखान्यात बातमी आमच्याआधी पोचली होती. साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोन आला म्हणून काढून घेतला. पॅकिंगवाले दबक्या आवाजात बोलत होते. फक्त वहिनी संतापल्या. त्यांचं एकच म्हणणं की तिकडच्या लोकांचं मशीनच खोटं असणार. "मी स्वतः दिलेत डाग. एक डाग कच्चा असेल तर दाखवा म्हणावं. आणि इथे आकडा दिसत होता की नाही? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय." मास्तर म्हणाले की मशीन खरं आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही नेहमी दुसऱ्याचंच खरं करता, तुमचे भाऊही तसलेच होते.

मग निरोपाचा दिवस आला. भाषणं झाली, साहेबांनी घड्याळ दिलं, मास्तरांनी घड्याळाच्या आतला सेल कसा चालतो ते साहेबांनाच समजावून सांगितलं, लोक हसले. गर्दी पांगल्यावर ते खोलीत आले. टेबल रिकामं करायचं होतं. मी सामान मोजून परत घ्यायला गेलो होतो. वहिनींचं थोडं काम उरलं होतं, त्या डाग देत बसल्या होत्या. पंखा चालू होता.

मास्तरांनी मीटर माझ्या हातात दिला, मग परत घेतला. बोर्ड अजून टेबलावर होता, खोक्याखाली. त्यांनी तारा लावल्या आणि लोड दिला. थोड्या वेळाने आकडा बसला, तिकडे बसला होता तिथेच. ते पाहून त्यांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात पाहून हलवावी तशी.

मग त्यांनी खिडकीवरच्या चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं आणि ती सोलून काढली. चिठ्ठी फडफडायला लागली. आकडा चढला. एक्याण्णव झाले, आणि वर थोडं.

वहिनींनी भिंगाखालून डोकं काढलं. उठल्या, गुडघा धरत आल्या आणि मीटरपाशी वाकून पाहिलं.

"बघा. आला की नाही? मी म्हणत होते."

"हो वहिनी," मास्तर म्हणाले.

"त्यांना बोलवा म्हणावं इथे. येऊन बघा म्हणावं."

"आता कशाला."

बोलता बोलता त्यांना उबळ आली. वहिनींच्या डाग द्यायच्या सळईचं तापलेलं टोक तसंच धुमसत होतं आणि धुराची रेघ इकडे वळली होती. वहिनी लगबगीने परत गेल्या, पंख्याची मान धरून त्यांनी तो आणखी मास्तरांच्या बाजूला वळवला, आणि वेगाचं बटन एक घर पुढे सरकवलं. धूर गेला. खोकला थांबला. मीटरवरचा शेवटचा अंक अजून एकाने वाढला.

वहिनींना तो तिकडूनही दिसला. त्या हसल्या. मास्तर टेबल धरून उभे होते, श्वास लागलेला, आकड्याकडे पाहत. मी सामान मोजायचं सोडून जाळीकडे निघून आलो.